त्या गुरुवारची ड्युटी

जैबुनआपा, तुमचा जनाजा उठला तेव्हा मी आत बायकांत बसले होते. अर्धवट लोटलेल्या दारातून गल्ली दिसत होती. पहिला खांदा द्यायला कोण पुढं झालं, ठाऊक आहे? आपले व्यवस्थापक, ज्यांना आपण सगळ्या भाऊ म्हणतो ते. डोक्याला पांढरा रुमाल, मान खाली, चेहरा असा की सख्खी बहीण गेली असावी. एवढा मोठा माणूस वृद्धाश्रमातल्या धुलाईवालीसाठी आला, म्हणून गल्लीतल्या लोकांनी मागं सरून वाट दिली. तुमची लेक नसीम माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "कित्ते अच्छे लोगां हैं ना, वैशालीबाजी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. गप्प बसायची मला तोवर चांगली सवय झाली होती.

आज तुम्हाला जाऊन नववा दिवस. मी तुमच्याशी बोलायला बसलेय, कारण काल जे झालं ते आधी तुम्हालाच सांगायला हवं. आणि खरं सांगते, मला तुमचा रागही आलाय. भांडण अर्ध्यावर टाकून असं कुणी उठून जातं का?

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी आश्रमाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तुमचा फोटो मिळेना. तुम्ही कधी काढूच दिला नव्हता, म्हणून ओळखपत्रावरचा मोठा करून आणला होता. त्यात तुम्ही भलत्याच रागीट दिसत होता, ते मात्र बरं झालं. भाऊ बोलायला उभे राहिले. "जैबुनबाई आपल्या घरातल्याच होत्या. मधे काही गैरसमज झाले. त्यांच्या हातून नको ते अर्ज लिहिले गेले. पण माणूस गेलं की विषय संपतो. आपण मोठ्या मनानं त्यांना माफ केलं पाहिजे."

माफ. आपा, मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले होते.

मग एक कागद फिरायला लागला. वर शोकप्रस्ताव, तुमच्या सेवेचं कौतुक, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. आणि खाली, सह्यांच्या जरा वर, बारीक अक्षरात आणखी एक ओळ: तक्रारदाराचे निधन झाल्याने सदर तक्रारी निकाली काढाव्यात, अशी सर्व कर्मचाऱ्यांची विनंती आहे. दुखवट्याचा कागद कोण वाचतं? बायका डोळे पुसत पुसत सह्या करत होत्या. सविताची सही झाली, स्वयंपाकाच्या मावशींचा अंगठा झाला, कागद माझ्यापर्यंत आला. मी वाचला. पुन्हा वाचला. तेवढ्यात वॉर्डातून गोदाआजीची हाक आली आणि मी पेन ठेवून उठले. खरं तर हाक आलीच नव्हती. मी नुसतीच उठले.

मागून भाऊंचा आवाज आला, "वैशाली, तुझी सही राहिली. शनिवारच्या आत करून टाक." शनिवारी त्या तक्रारींची चौकशी होती.

मी या आश्रमात आले ते तीन महिन्यांचा कोर्स करून, कागदावर सगळं शिकून. घाटनांदूरच्या अलीकडे रस्त्याला लागून ही बैठी इमारत, बायकांचा वॉर्ड एकोणीस खाटांचा. पहिल्याच दिवशी एका म्हातारीची कूस बदलायला मी तिच्या खांद्याखाली हात घातला आणि ती किंचाळली. तुम्ही मला बाजूला केलंत. तिच्या कानाशी वाकून म्हणालात, "काकू, म्या जैबुन हाय. आता तुमाला भिंतीकडं तोंड करून निजवते हां." आणि ती कापसासारखी वळली. नंतर मला म्हणालात, "आधी हाक मार, मग हात लाव. मानूस हाय त्ये, गादी न्हाई." कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. माझं माहेर धनगराचं. आमच्यात मेंढीला धरायचं तरी आधी तिला आवाज देतात. मला ते तेव्हाच आठवायला हवं होतं.

आपली अदलाबदलही पहिल्याच वर्षी ठरली. रमजानात दुपारची ड्युटी म्हणजे तुम्हाला शिक्षा. दोन ते आठ. घरी पोरं-नातवंडं इफ्तारला बसणार आणि तुम्ही वॉर्डाच्या कोपऱ्यात एक खजूर आणि नळाचं पाणी घेऊन. म्हणून तुमच्या रमजानच्या दुपारी मी करायच्या आणि माझ्या दिवाळीच्या तुम्ही. भाऊंना विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते म्हणायचे, "आपण कुटुंब आहोत, कुटुंबात आपापली सोय बघतात का?" म्हणून अदलाबदल हजेरीच्या वहीत लिहायचीच नाही, हा सगळ्या बायकांचा रिवाज. ज्या बाईची पाळी वहीत लागलेली, तिनं दुसऱ्या दिवशी येऊन आदल्या दिवसाच्या रकान्यात सही करायची. कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाचं लग्नकार्य, सगळं असंच निभायचं. ती वही पाहिली तर वाटावं, आमच्यातली एकही बाई कधी कुठं गेलीच नाही.

तर तो गुरुवार. रमजान निम्मा झाला होता. वहीत पाळी तुमची, वॉर्डात मी.

चारला पाहुणे येणार होते, फळवाटप आणि फोटो. गोदाआजी, आपली सात नंबरच्या खाटेवरची धर्मापुरीची म्हातारी, दुपार कलली की उठायची आणि करडं सोडायला निघायची. तिची करडं जाऊन वीस वर्षं झाली असतील, पण तिच्या कानाला ती ओरडताना ऐकू यायची. तिला दाराशी नेऊन, करडं सुटली असं दाखवून परत आणलं की ती शांत व्हायची. पंधरा मिनिटांचं काम. भाऊ म्हणाले, आज तेवढा वेळ नाही. ते स्वतः आत आले. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांनी आजीचे दोन्ही हात खाटेच्या दांड्याला बांधले आणि मला म्हणाले, "वर शाल टाक." मी टाकली, आपा. मी शाल टाकली.

पाहुणे आले. एक बाई होत्या, चांगल्या घरच्या, मायाळू. त्यांनी आजीपुढं सफरचंद धरलं. आजी त्या फळाकडं बघत राहिली. तिचे खांदे हलले, शाल जराशी हलली, हात काही पुढं आला नाही. त्या बाई हसून म्हणाल्या, "आजी लाजतात वाटतं." सगळे हसले. मीही हसले.

ते गेल्यावर मी गाठ सोडवायला बसले. ओढून ओढून ती इतकी आवळली होती की दातांनी सोडवावी लागली. आजी मला विचारत होती, "करडं सुटली का गं?"

दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही आधी आजीची मनगटं पाहून आलात. मग मागच्या पायरीवर बसून म्हणालात, "पेटीत टाकू नको. तक्रारपेटीची चावी कुनाच्या खिशात हाय, ठावं हाय ना? बिननावाचं बी ल्हू नको. दोघी जाऊ अंबाजोगाईला, मोठ्या बाईकडं. नाव सांगू, अर्ज हातात देऊ, पोच घेऊ. एक नक्कल घरी ठिवू." मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या अध्यक्ष. वर्षातून दोनदा दिसणाऱ्या.

"नाव सांगितलं की दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागंल," मी म्हणाले.

"मंग त्ये तुजं नाव शोधून काढतील. आपून सांगितलेलं आन् त्यांनी शोधलेलं, यात फरक हाय गे."

मला पटलं नाही. माझी पोरगी दहावीला, नवरा असून नसल्यासारखा, आणि अख्ख्या घाटनांदुरात मला दुसरी नोकरी कुठली मिळणार? पण ते सगळं निम्मं. उरलेलं निम्मं तुम्हालाही माहीत होतं.

त्याच्या आधीच्या थंडीत मी एकदा एकटी वॉर्डात होते. बरोबरच्या दोघी आजारी, तिसरी आलीच नाही. एक म्हातारी न्हाणीत घसरून पडली आणि त्याच वेळी गोदाआजी दाराकडं निघाली. मी तिचा एक हात खाटेला बांधला. अर्धा तास. तुम्ही संध्याकाळी आलात, तो सोडवलात, पट्टीची घडी करून माझ्या हातात दिलीत. एवढंच म्हणालात, "तिला याद ऱ्हानार न्हाई. तुला ऱ्हाईल." नाव घालून तक्रार केली असती, तर भाऊ पहिलं हेच बाहेर काढणार होते. त्यांनी ते खिडकीतून पाहिलं होतं.

म्हणून मी तुम्हाला न सांगता चिठ्ठी लिहिली. पेटीत टाकली नाही, तेवढी अक्कल होती. घाटनांदूरच्या पोस्टातून मोठ्या बाईंच्या पत्त्यावर पाठवली. खाली नाव नाही, अक्षर वाकडं काढलेलं. पण खोटं वाटू नये म्हणून सगळं बारकाईनं लिहिलं. गुरुवार, पाहुणे यायच्या आधी, बायकांचा वॉर्ड, खाट सात, मी ड्युटीवर असताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं. केवढा मोठा शहाणपणा. नाव झाकलं आणि बाकी सगळं उघडं ठेवलं. आणि त्या उघड्या खुणांवर वहीत सही होती ती तुमची. भाऊंनी मला त्या दुपारी वॉर्डात पाहिलं होतं, पण पाहुण्यांसाठी जादा आलेय असं त्यांना वाटलं असणार, आणि शाल टाकणारी चिठ्ठी लिहील हे त्यांच्या मनातही आलं नसणार.

मोठ्या बाईंनी तरी काय करावं? त्यांनी ती चिठ्ठी खुलासा मागवायला भाऊंकडंच धाडली.

भाऊंनी तुम्हाला बोलावलं तेव्हा मी ऑफिसबाहेरच्या ओट्यावर चादरींच्या घड्या घालत होते. वही उघडल्याचा आवाज आला. "गुरुवारी दुपारी वॉर्डात तुम्ही. ही सही तुमची. आणि ही चिठ्ठीही तुमचीच ना?" माझ्या हातातली चादर तशीच. तुम्हाला फक्त एवढं म्हणायचं होतं, की त्या दिवशी मी नव्हते, वैशाली होती. खरं तेच होतं. कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती.

तुम्ही म्हणालात, "यात ल्हिलंय त्ये खरं हाय का न्हाई, त्ये सांगा. कुनी ल्हिलं, त्ये कावून इचारता?"

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही धुलाईत. बारा वर्षं माणसांना हात लावलेल्या बाईला साबणाच्या वाफेत उभं केलं, आणि तेही दमा असताना. मी मागच्या नळावर तुम्हाला गाठलं, म्हणाले, मी आत्ता जाऊन सांगते. मनापासून म्हणाले की नुसतं म्हणायचं म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. तुम्ही पिळे सोडवता सोडवता म्हणालात, "गप ऱ्हा. दोगी बी वार्डाच्या भायेर गेलो तर गोदाआजीला सोडनार कोन?" आणि मला, आपा, हायसं वाटलं. तुमचा दम लागलेला मला ऐकू येत होता आणि तरीही हायसं वाटलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतेय.

भाऊंचा हिशेब मात्र चुकला. जिला काही दिसू नये म्हणून धुलाईत टाकली, तिच्याकडंच सगळं धुवायला येत होतं. चादरींत गुंडाळलेल्या लुगड्याच्या पट्ट्या. काही गाठीसकट. एकीवर रक्ताचा डाग. मी माझ्या पाळीत सोडवत होते, पण माझी पाळी संपली की पुन्हा बांधत होते, आणि आता एकट्या गोदाआजीला नाही. तुम्ही त्या पट्ट्या गाठी न सोडता वाळवल्यात, एकेक कागदात गुंडाळून वर वार लिहिलात आणि घरी नेल्यात. मग पावसाळ्यात एका सोमवारी रजा टाकून एकट्या अंबाजोगाईला गेलात. नसीमच्या हातानं लिहिलेला अर्ज, खाली तुमची सही, पट्ट्यांची पिशवी. मोठ्या बाईंच्या हातात दिलंत आणि पोच घेतल्याशिवाय उठला नाहीत. त्यांची सून म्हणाली म्हणे, उद्या देतो पोच. तुम्ही म्हणालात, "मंग म्या उद्यापस्तोर बसते हितंच." चौकशी लागली ती त्यामुळं. बाहेरच्या दोघी, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक वकीलबाई.

परत आल्यावर तुम्ही मला नक्कल दाखवलीत. मी तीनदा वाचली. त्यात पट्ट्या होत्या, डाग होता, वार होते. तो गुरुवार नव्हता.

"त्ये म्या न्हाई ल्हिलं," तुम्ही म्हणालात. "म्या बघितलं न्हाई त्ये कसं ल्हू? त्ये तुजं हाय. पट्ट्यांना ते चिंध्या म्हनतील. बांधताना बघितलेलं मानूस पायजे."

मी म्हणाले, बघू. आठवडाभरानं तुम्ही पुन्हा विचारलंत, मी म्हणाले, पोरीची सहामाही परीक्षा होऊ द्या. तिसऱ्यांदा तुम्ही धुलाईच्या दारात उभ्या होता, ओठ जरा निळसर दिसत होते, आणि मी तुमच्यावर भडकले. "तुमची पोरं कमावती झाली. तुमचं काय जाणार आहे? माझ्या जिवावर तुम्ही शूर होऊ नका." असं बोलले मी. त्या बाईला, जी माझ्या जागी वाफेत उभी होती. तुम्ही भांडला नाहीत. पदरानं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "जा, पाळीची येळ झाली तुजी. आजीला दाराशी न्ये." तो गुरुवारच होता, बघा. शनिवारी तुम्ही गेलात.

डॉक्टर म्हणाले, दमा जुना होता, कधीतरी व्हायचंच. नसीमनं मान डोलावली. मी डॉक्टरांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

आता हा आठवडा ऐका. बुधवारी शोकसभा झाली. गुरुवारी भाऊंनी मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. वही समोर उघडी. म्हणाले, "एक गंमत कळली. त्या गुरुवारी साडेतीनला जैबुनबाई घाटनांदूरच्या बाजारात खजूर घेत होत्या. फळवाल्यानंच सांगितलं. म्हणजे त्या वॉर्डात नव्हत्याच. माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितात आणि स्वतः बाजारात. शनिवारी मी एवढंच सांगणार, की बाई खोटं बोलत होत्या. पहिली चिठ्ठी खोटी, तर दुसऱ्या अर्जावर कोण विश्वास ठेवणार?"

मी कपाकडं बघत होते.

"मग त्या दिवशी वॉर्डात कोण होतं, असा प्रश्न निघू शकतो," ते अगदी हळू बोलत होते. "मी तो काढणार नाही. तसंच थंडीत आजीला कुणी बांधलं होतं, तेही मी विसरलोय. घरातल्या गोष्टी घरात. तू फक्त त्या कागदावर सही कर." आणि शोकप्रस्ताव माझ्यापुढं सरकवला. तुमच्या सेवेचं कौतुक, ईश्वर शांती देवो, तक्रारी निकाली काढाव्यात. माझ्या नावापुढची जागा तेवढी मोकळी.

मी म्हणाले, "हात ओले आहेत, उद्या करते." हात कोरडे होते, त्यांनाही दिसत होतं. ते हसले. त्यांना वाटलं, झालं काम.

आपा, मी शूर नाही. दोन दिवस मी हाच विचार करत होते, की मेलेल्या माणसाला काय फरक पडतो. खोटारडी म्हटलं काय, खरी म्हटलं काय. माझ्या पोरीला मात्र फरक पडेल. हा विचार मी शेवटापर्यंत नेऊन पाहिला, आणि शेवटी प्रत्येक वेळी गोदाआजीची शाल हलायची आणि पाहुणी हसायची. शुक्रवारी संध्याकाळी मी पोरीला समोर बसवून सगळं सांगितलं, थंडीतलंसुद्धा. तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मम्मी, आपाला तू सॉरी म्हणालीस का?"

काल अकराला मला आत बोलावलं. टेबलामागं त्या दोघी, आणि बाजूच्या खुर्चीत भाऊ, वही मांडीवर घेऊन. बसायच्या आधी मी तुम्ही शिकवलेलं बोलले, जवळजवळ तुमच्याच शब्दांत. "ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ते खोलीत असतील तर मी बोलणार नाही. आणि जे बोलेन त्याची मला पोच पाहिजे." भाऊ म्हणाले, "अगं, आपण घरचीच माणसं." वकीलबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आपण बाहेर बसा. वही इथं ठेवून जा." ते उठताना माझ्या अगदी जवळून गेले. मी खुर्ची टेबलाकडं ओढून बसले.

मग मी सांगितलं. गुरुवार, पट्टी, शाल, सफरचंद. चिठ्ठी माझी. पाळी तुमची, ड्युटी माझी, आणि आम्ही सगळ्या हे वहीत का लिहीत नाही तेही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इतके महिने का नाही बोललात?" मी म्हणाले, "कारण एकदा मीही बांधलं होतं." आणि थंडीतला तो अर्धा तास सांगितला. दोघी लिहून घेत होत्या.

मी विचारलं, "वहीत लिहू का?" वकीलबाई म्हणाल्या, "जुन्या सहीला हात लावू नका. खाली आजची तारीख घालून लिहा." मी रमजानातलं ते पान काढलं. तुमची सही, ती शेवटी लांब शेपूट ओढलेली. तिच्याखाली मी लिहिलं: या दिवशी दुपारी दोन ते आठ जैबुन शेख यांच्या जागी मी ड्युटी केली. जे पाहिलं ते मी पाहिलं. त्यांनी खोटं काहीही लिहिलेलं नाही. आणि माझं पूर्ण नाव. सगळी वर्षं झाकलेली अदलाबदल वहीत पहिल्यांदाच आली, तीही तुम्ही नसताना.

निकाल अजून नाही. महिना लागेल म्हणतात. भाऊ अजून खुर्चीत आहेत. चौकशी संपेस्तोवर मला वॉर्डात जायचं नाही, असं कालच दुपारी पत्र मिळालं. माझी ड्युटी धुलाईत. तुमचा तो उंच पाट तिथंच आहे, निळीचा डबाही. आज पहिला पिळा घातला आणि वाफेनं माझाच श्वास अडकला. चांगल्या छातीच्या बाईचा. मी नळ तसाच सोडून त्या पाटावर बसून रडले. सॉरी म्हणाले, आपा. खूप उशिरा, पण मोठ्यानं म्हणाले.

दुपारी सविता आली. शोकप्रस्तावावर सही केलेली सविता. चादरींचा गठ्ठा टाकला आणि गेली नाही, दारातच घुटमळली. मग पदराखालून एक पट्टी काढली. गाठ तशीच होती. "आज अकरा नंबरला होती, डाव्या पायाला," ती म्हणाली. "आजीला म्या आदी हाक मारली, मंग सोडवली. हे कागदात गुंडाळून वर काय ल्हायचं असतं?" मी म्हणाले, "वार, वेळ, खाट." तिनं विचारलं, "आन् नाव?" मी तिला पेन दिलं. ती पाटावर बसली आणि लिहायला लागली, अक्षर वाकडं न काढता.

आता दिवाळी महिन्यावर आलीय. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीची माझी दुपार तुमच्याकडं होती, तुम्ही स्वतः मागून घेतली होती. पोरीला म्हणाला होतात, यंदा तुझी आई दिवे लावायला घरी असेल. ती दुपार आता मीच करणार, आपा, वॉर्डात घेतलं तर वॉर्डात, नाहीतर इथं. वहीत सही माझीच असेल, आणि ती मी त्याच दिवशी करीन.